डबलबेलची घाटाची गाडी

मी एकोणतीस वर्षं बस चालवली आणि त्यातली तेवीस वर्षं माझ्या पाठीमागे एकच कंडक्टर उभा होता. त्याला सगळे डबलबेल म्हणायचे. कंडक्टरच्या हाताशी एक दोरी असते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला, ड्रायव्हरच्या डोक्यावर, घंटी. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. या माणसाला दोनाचा असा नाद लागला की चहा संपला की कपावर दोन टिचक्या, घराबाहेर पडताना दारावर दोन थापा. स्वतःच्या लग्नात फोटो काढून झाल्यावर त्याने फोटोवाल्याच्या पाठीवरही दोन थापा मारल्या आणि फोटोवाला खरंच निघून गेला. जेवणाच्या पंगतीचा एकही फोटो नाही त्यांच्याकडे.

तर या डबलबेलची गोष्ट सांगायची आहे. सांगताना माझं थोडं पोट दुखेल, ते तुम्ही चालवून घ्या. सवयीचं दुखणं आहे.

मूळ सांगायचं तर त्याला ड्रायव्हरच व्हायचं होतं. भरतीच्या वेळी भिंतीवर उंची मोजायची पट्टी असायची. हा दोन बोटं कमी भरला. पुढच्या वर्षी बुटात पुठ्ठे घालून गेला, तर डॉक्टर म्हणाले, बूट काढा. तिसऱ्या वर्षी केस वाढवून, तेल न लावता, उभे विंचरून गेला. डॉक्टरांनी पट्टी डोक्यावर दाबली, केस बसले आणि त्यांच्याबरोबर हाही बसला. मग कंडक्टरच्या रांगेत उभा राहिला. तिथे उंची विचारत नव्हते.

आता ड्रायव्हर म्हटलं की तुम्हाला वाटेल, गाडीचा राजा. मलाही तसंच वाटलं होतं. पण राजाची फक्त पाठ दिसते हो! लोक चढतात मागून, उतरतात मागून, बोलतात मागच्याशी. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाचा दात काढला, सगळं डबलबेलला ठाऊक. म्हाताऱ्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या, बरोबर त्यांच्या हाताच्या उंचीवर होतं ते. पोरं उतरली की मागे वळून हात हलवायची. कुणाला? त्याला. मी आरशात बघायचो. आरसा नसता तर माझं आयुष्य सुखात गेलं असतं.

त्याच्या शेवटच्या फेरीला तर कहर झाला. प्रत्येक थांब्यावर माणसं जमलेली. हार, नारळ, एकीने विणलेली टोपी. एक गृहस्थ माझ्या खिडकीशी आले. मला वाटलं, आला बाबा कुणीतरी. म्हणतात कसे, "ड्रायव्हरसाहेब, जरा गाडी पुढे घ्या, फोटोत तुमचा आरसा येतोय."

माझी शेवटची फेरी त्याच्यानंतर चार महिन्यांनी झाली. त्या दिवशी पाऊस होता, असं मी सगळ्यांना सांगतो.

एक गोष्ट मात्र तेवीस वर्षं माझ्याच हातात होती. सीट. एकदा डेपोच्या आवारात गाडी रिकामी उभी होती आणि डबलबेल म्हणाला, "एकदा बसू दे रे. चालवत नाही. नुसतं बसतो." मी म्हणालो, "सीट ज्याची त्याची." तो हसला, गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि चहाला गेला. पुन्हा कधी त्याने विचारलं नाही. मी मात्र ते वाक्य बरेच दिवस मनात घोळवत होतो. छान जमलं होतं.

आता येतो मुद्द्यावर. आमच्या घरात सध्या जो तो खेळतोय. खेळ म्हणजे पडद्यावरचे. आमची ही, म्हणजे माझी बायको, फोनवर शेती करते. खऱ्या शेतात चिखल लागतो म्हणून नाक मुरडणारी बाई पहाटे उठून पडद्यावरच्या कोंबड्यांना दाणे टाकते. तिने मला शिकवलेली अक्कल तुम्हालाही देतो: आधी कुंपण, मग कोंबड्या. नवीन माणूस आधी कोंबड्या आणतो आणि सकाळी नुसती पिसं मोजतो. आणि ढग दिसले की झाडांना पाणी घालू नका, पाऊस घालतोच, तुमची झारी उगाच रिकामी होते. आमच्या कोपऱ्यावरचा न्हावी वरून पडणारे ठोकळे रचतो, तोही फोनवर. त्याचं म्हणणं, एका कडेची उभी पट्टी शेवटपर्यंत मोकळी ठेवायची, लांब दांडा येणारच. दांडा आला की तो आनंदाने उडी मारतो, म्हणून मी दाढी करताना आधी फोन कुठे आहे ते बघतो. जावईबापू बंदुकांचा खेळ खेळतात. तो मी अर्धा तास बघितला. सगळे धावत होते, पण कुठे जायचंय हे कुणी कुणाला विचारलं नाही. ड्रायव्हरला असला खेळ पटत नाही.

आणि मग माझ्या नातीने, लेकीच्या लेकीने, बसचा खेळ आणला.

काय सांगू तुम्हाला! टीव्हीएवढा रस्ता. जेवणाच्या टेबलाला शिकंज्याने आवळलेलं खरं गोल स्टेअरिंग. खाली फरशीवर एका पाटीला बसवलेले ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. क्लच नाही, गिअर आपोआप. पावसात वायपर चालतात, प्रवासी चढतात, बसतात, कुरकुरतात. नातीने खेळात स्वतःची बसकंपनी काढलेली, पिवळी गाडी, दारावर चिमणी. वय वर्षं बारा, पण रुबाब डेपो मॅनेजरचा. मी टेबलाशी बसलो, स्टेअरिंगवर हात ठेवला आणि खरं सांगतो, माझ्या गुडघ्यांतली कळ गेली.

"आबा," ती म्हणाली, "फेरी संपली की तारे मिळतात. जास्तीत जास्त पाच. बघू तुम्हाला किती मिळतात."

"पाचच का?" मी म्हणालो. "हात आखडता कशाला?"

पहिल्या फेरीला एक तारा मिळाला.

का, तर मी पहिल्या थांब्यावरून हललोच नाही. दार बंद झालं, सगळे बसले, मी आपला ब्रेक दाबून बसलेला. मागच्या गाड्या ओरडायला लागल्या. नात म्हणाली, "आबा, निघा ना!" मी म्हणालो, "घंटी कुठे झाली?" पोरगी पोट धरून हसली. खेळात कंडक्टरच नाही! मग रस्त्यात एका बाईने हात केला, मी थांबलो. थांबा नव्हता म्हणून अर्धा तारा कापला. अहो, बाईच्या हातात केवढं ओझं होतं! प्रत्येक वळणाला हॉर्न दिला, तर म्हणे आवाजाचा त्रास. आणि उजवीकडे वळताना मी सवयीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं ते थेट शेजारच्या कपाटावर आपटलं. त्याचे गुण कापले नाहीत, एवढंच.

हे सगळं डबलबेल बघत होता. आमच्यापासून तीन घरं सोडून राहतो, रविवारी दुपारी चहाला येतो. कपावर दोन टिचक्या मारून नातीला म्हणाला, "मालकीणबाई, एकदा मी बसू का?"

तिला काय माहीत सीट कुणाची ते! "बसा ना, बेलआजोबा."

तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला, पाटी पायाने जवळ ओढली. लायसन कधी काढलं नाही त्या माणसाने. सायकलसुद्धा चढावर हातात धरून नेतो. टेबलावर दोन टिचक्या मारल्या आणि निघाला. मी हाताची घडी घालून बसलो होतो, आता आपटेल, मग आपटेल. नाही आपटला. थांब्याच्या आधी लांबूनच पाय उचलायचा, मग ब्रेकला एकदा हलकेच शिवायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. गाडी अशी उभी राहायची की जणू पाण्यावर होडी टेकली. दार लावल्यावर लगेच निघायचा नाही. शेवटची म्हातारी बसेपर्यंत थांबायचा, दोन टिचक्या, मग निघायचा. वळणं तर इतकी रुंद घ्यायचा की माझे हात शिवशिवले.

"एवढं बाहेरून कशाला घेतोस?" मी न राहवून विचारलं.

"मागच्या चाकासाठी," तो म्हणाला. "पुढचं चाक खड्डा चुकवतं रे, मागचं बरोब्बर त्यात जातं. तुला पुढे कळायचं नाही. मी तेवीस वर्षं मागच्या चाकावर उभा होतो."

पाच तारे. पडद्यावर फटाके फुटले आणि प्रवासी उतरताना त्याला हात हलवून गेले. या खेळात प्रवासी ड्रायव्हरला हात हलवतात! मी पुढे असताना मागच्याला, आता मागचा पुढे गेला तर पुढच्याला. याला काय म्हणावं?

आमच्या गावच्या शाळेत एक खोली, चार इयत्ता आणि एक गुरुजी होते. फळ्यावर प्रत्येकाने एक ओळ लिहायची. ज्याची ओळ गुरुजी पुसायचे नाहीत तो त्या दिवसाचा शहाणा. चार वर्षांत माझी ओळ एकदाही राहिली नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या सुताराच्या मुलाची मात्र रोज राहायची. त्या रविवारी टीव्हीवर ते पाच तारे बघताना मला खडूचा वास आला, खोटं नाही सांगत.

पुढचे दोन महिने मी नेकीने शिकलो. घरी कुणी नसताना फेऱ्या मारायचो. दोनावर आलो, तीनावर आलो. एकदा चार तारे मिळाले ते सांगायला मी न्हाव्याकडे गेलो, दाढी नुकतीच केलेली असताना. पण डबलबेलचे रविवारी पाचच्या पाच. नात शाळेतल्या मैत्रिणींना सांगायची, "आमचे बेलआजोबा एक नंबर चालवतात." आमचे! अगं, तुझा आजोबा इकडे बसलाय, खरी गाडी एकोणतीस वर्षं चालवलेला, एक ओरखडा नाही. (एक आहे. पण ती भिंत पुढे आली होती.)

बायको म्हणाली, "अहो, किती जळफळाट कराल? भाऊजी काय परके आहेत?"

"मी कुठे जळतोय?"

"मग चहात साखरेऐवजी मीठ का घातलंत?"

मग घाटाची गाडी आली. खेळात कंपनीला पुरेसे तारे जमले की डोंगरातला रस्ता उघडतो. सात वळणं चढ, माथ्यावर एक थांबा, पाच वळणं उतार, एका बाजूला दरी. आणि त्या रस्त्यावर कंपनीचा एकच ड्रायव्हर नेमता येतो. एकदा नाव घातलं की घातलं, वर्षभर बदलत नाही.

"दोघांनी एकेक फेरी करायची," मालकीणबाईंनी जाहीर केलं. "ज्याचे तारे जास्त त्याचं नाव. नातं बघणार नाही."

तुम्ही म्हणाल, खेळातला तर घाट. पण मी खऱ्या घाटात एकोणीस वर्षं गाडी घातली आहे. धुक्यात घातली आहे, दरड पडली तेव्हा घातली आहे. सपाट रस्त्यावर त्याने मला हरवलं, ते गिळलं मी. घाट माझा होता. घाटही त्याला गेला तर माझ्याकडे काय उरलं? हे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "मी उरले की." तिला विषय कळला नाही.

रविवार उजाडला. चिठ्ठ्या टाकल्या, माझं नाव आधी निघालं. शर्ट इस्त्रीचा घातला होता. बसलो, पाटी माझ्या पायांना बेताची लावून घेतली आणि निघालो. आणि काय चालवली म्हणता! चढाला ओढ धरून, वळणाआधी ब्रेक, वळणात अजिबात नाही. ही माझी टीप लिहून ठेवा, घाट खेळातला असो की खरा: ब्रेक सरळ रस्त्यावर संपवायचा, वळणात फक्त स्टेअरिंग. सातही वळणं लोण्यासारखी गेली. हॉर्न एकदाही दिला नाही, जीभ चावून धरली होती. नात उभी राहून बघायला लागली.

माथ्यावरच्या थांब्यावर गाडी लावली. दार उघडलं, माणसं चढली, दार बंद झालं.

आणि मी बसून राहिलो.

दोन महिन्यांत मोडलेली सवय, पण घाटमाथा होता हो. घाटमाथ्यावर मी उभ्या आयुष्यात घंटीशिवाय गाडी सोडलेली नाही. खाली उतार, मागे कोण लटकलंय ते आपल्याला दिसत नाही. कान आपोआप मागे लागले. "आबा! आबा, वेळ!" नात ओरडली तेव्हा भानावर आलो. पन्नास सेकंद गेले होते. उतारावर ते भरून काढायला गेलो तर मागची माणसं सीटवरून घरंगळली. साडेतीन तारे.

साडेतीन म्हणजे वाईट नाही. पण डबलबेलला साडेतीन कधी मिळालेच नव्हते.

मी उठलो. आणि आता जे केलं ते लिहितो, कारण ते गाळलं तर पुढचं कळणार नाही. उठताना मी पायाने पाटी पलीकडे ढकलली. टेबलाखाली, आत, वीतभर. कुणी बघितलं नाही. फरशी गुळगुळीत होती, आवाजही झाला नाही.

नातीने नेहमीच्या घाईने सुरुवातीचं बटण दाबलं आणि डबलबेल बसला. नेहमीसारखा कडेवर. पाय खाली सोडला तर पायाखाली काहीच नाही. आणखी कडेवर सरकला. बोटं पोचेनात. दोन्ही पाय लोंबत होते, शाळेतल्या पोरासारखे. घड्याळ सुरू झालं होतं, वाकून ओढायला वेळ नव्हता.

"पाटी लांब गेली वाटतं," तो म्हणाला.

"तिथेच असते ती," मी म्हणालो.

"थांबवू का, बेलआजोबा?" नातीने विचारलं. "पण थांबवलं की सुरुवातीपासून, आणि दोन तारे कापतात."

पाचातले दोन गेले की तीन. माझे साडेतीन. हा हिशेब मी पाटी ढकलताना केला नव्हता, तो आपोआप जुळून आला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणून वळलो. डबलबेल उभा राहिला होता. खुर्ची मागे लोटून, टेबलाला पोट टेकून, दोन्ही हात स्टेअरिंगवर, एक पाय जमिनीवर आणि दुसरा टेबलाखाली लांब ताणलेला. "उभ्यानेच बरं पडतं मला," तो म्हणाला आणि गाडी हलवली.

तुम्ही कधी चालत्या बसमध्ये हात न धरता उभा राहिलेला कंडक्टर बघितलाय? तो तसा उभा होता. पडद्यावर गाडी डावीकडे वळली की हाही कमरेतून डावीकडे कलायचा, चढ आला की पुढे झुकायचा. जेवणाच्या खोलीत, टेबलाशी, फरशीवर! फरशी हलत नव्हती, पण याच्या पायांना हलत होती. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. बायको ओट्याकडून हात पुसत आली आणि तिथेच उभी राहिली. पाचव्या वळणाला समोरून ट्रक आला, तो बाजूला थांबला, ट्रक जाऊ दिला, पुन्हा चढाला लागला. गाडी सूतभरही मागे घसरली नाही. तो पाय किती ताणला होता ते त्याच्या मानेच्या शिरांवर दिसत होतं. मला वाटत होतं, सुटावा पाय. आणि प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत होता, त्याच्यासाठी. माणसाचं शरीर काही एकमताने चालत नाही.

माथ्यावर गाडी लागली. दार उघडलं, माणसं चढली, दार बंद झालं, शेवटची म्हातारी बसली.

आणि डबलबेल निघेना.

"बेलआजोबा, निघा की," नात म्हणाली. "सगळे बसले."

तो हलेना. मला कळलं, तिला कळलं नाही. दर वेळी निघताना तो टेबलावर टिचक्या मारायचा. आज खाली तो घाईत तसाच निघाला होता, पण हा घाटमाथा होता आणि मारायला हात मोकळा नव्हता. एक हात सोडला असता तर त्या ताणलेल्या पायावर तो उलथला असता. आणि घंटीशिवाय माथ्यावरून गाडी सोडणं, ते तर मला जमलं नव्हतं, त्याला कुठून जमणार? तो घंटी मारणारा माणूस.

पडद्यावर सेकंद पळत होते. दहा. पंधरा. मी त्याच्या बरोबर मागे उभा होतो, जिथे तो तेवीस वर्षं उभा असायचा. समोर त्याची पाठ. माझ्या हाताशी खुर्चीची लाकडी पाठ. काहीच करायचं नव्हतं मला. नुसतं उभं राहिलो असतो तर घाट माझा होता.

वीस.

मी खुर्चीवर एक टिचकी मारली. का मारली ते विचारू नका. मारली, आणि हात तिथेच थांबला. एक म्हणजे थांब. खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले, फक्त डबलबेलने मान वळवली नाही. पडद्यावर डोळे ठेवून, दात आवळून म्हणाला,

"ड्रायव्हर, एकच ऐकू आली."

मी दुसरी मारली.

गेला की हो खाली! पाच वळणं, एकाही प्रवाशाने हूं केलं नाही. शेवटच्या थांब्याला गाडी अशी लागली की बायकोने टाळ्या वाजवल्या. तिने माझ्यासाठी कधी वाजवल्या नव्हत्या. वर तारे उमटायला लागले, एक, दोन, तीन, चार, आणि थोडा वेळ घेऊन पाचवा. नात त्याच्या गळ्यात पडली. तो खुर्चीत बसला, तंगडी दोन्ही हातांनी चोळत. मग खाली वाकला, टेबलाखाली बघितलं आणि पाटीची मूळची जागा आणि आताची जागा यांच्यामध्ये हात आडवा पसरला.

"वीतभर," तो हळूच म्हणाला. नात ऐकत नव्हती, नाव टाइप करत होती. "डॉक्टरांनी मला दोन बोटांसाठी घरी पाठवलं होतं. तू अख्खी वीत लावलीस. मोठ्या मनाचा माणूस आहेस."

माझे कान गरम झाले.

"वहिनी," तो मोठ्याने म्हणाला, "ड्रायव्हरसाहेबांनी घंटी बरी दिली हं. जरा उशिरा, पण नवखा आहे."

"भाऊजी, त्यांना चहा हवाय ना?" बायको म्हणाली. तिने टेबलाखाली बघितलं होतं, तिचा आवाज मी ओळखतो. "मग त्यांना म्हणावं, आधी पाटी जागेवर ठेवा."

गुडघे दुखत असताना मी खाली बसलो आणि पाटी पुढे ओढली. त्याच्या पायांना लागते तिथे. मग खडूने फरशीवर रेघ मारली, नातीच्या खडूने, म्हणजे पुन्हा वाद नको. ती रेघ अजून पुसलेली नाही.

त्याला तीन महिने झाले. पडद्यावर घाटाच्या गाडीखाली नाव येतं, डबलबेल, आणि नातीने त्याच्या शेजारी बारीक अक्षरात मला घातलंय, कंडक्टर म्हणून. खेळात तशी जागा नाही, तिने कुठल्याशा रिकाम्या चौकटीत घुसवलंय. दर रविवारी तो बसून चालवतो आणि मी मागे उभा राहून खुर्चीवर घंटी देतो. न्हावी विचारतो, काका, तुम्हाला राग येत नाही? येतो की. पाचवा तारा उमटला की पोटात अजून कळ येते, जाईल असं वाटत नाही. पण घंटी द्यायलाही अक्कल लागते हे मला आता कळलं. शेवटची म्हातारी बसली की लगेच द्यायची नाही. ती पिशवी मांडीवर घेते, पदर सावरते, मग द्यायची.

गेल्या रविवारी शेवटच्या थांब्याला एक पोरगी उतरली आणि मागे वळून तिने हात हलवला. डबलबेल पडद्याकडे बघतच म्हणाला, "बघ ड्रायव्हर, तुलाही केला."

मी चष्मा लावून नीट बघितलं. मला नव्हता केला, सरळ त्याच्याकडेच बघत होती.

मी दोन घंट्या दिल्या.